खाली माझी सही

आम्हा निवृत्त शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी त्यावर फुलं येतात, दुपारी गुडघेदुखीचे उपाय येतात, आणि कुणी गेलं की दिवसभर जोडलेले हात येत राहतात. मागच्या महिन्यात गुरुजी गेले तेव्हा त्या हातांची रांगच लागली. जो तो एकच लिहीत होता, की आमचा संसार गुरुजींनी मांडून दिला. मग कुणीतरी त्यांच्यावर पुस्तिका काढायची टूम काढली आणि मला फोन आला. "बाई, तुमी त्याईच्यासंगं सगळ्यात जास्त वर्सं काढली. तुमीच लिवा. दोनचार पानं. गोड लिवजा."

गोड लिहिणं मला जमत नाही, आणि मधुमेहही आहे. जे आठवतं ते लिहिते. छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

आर्वीहून एसटीने निघायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून चार मैल आत जायचं, असं आमचं गाव होतं. शाळा दोन खोल्यांची, वर्ग चार, शिकवणारी माणसं दोन. एक ते, हेडमास्तर, आणि दुसरी मी. मी रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि ते पन्नाशीकडे झुकलेले. धोतर, खादीचा सदरा आणि वरून काळा कोट. आमच्याकडे मे महिन्यात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तेव्हाही तो कोट अंगावरून उतरत नसे. कोटाच्या डाव्या खिशात खडू असायचे आणि उजव्या खिशात घोडीसाठी गूळ. या दोन खिशांचा घोळ नेहमी व्हायचा. घोडीला खडू चावताना मी पाहिलं आहे, आणि फळ्यावर गुळाने काढलेली रेघही पाहिली आहे. मुंग्यांनी ती दोन दिवस गिरवली.

घोडीचं नाव गंगी. गुरुजींचा स्वतःचा टांगा होता. कुण्या मालगुजाराचं घर मोडलं तेव्हा तिथून त्यांनी तो घेतला होता म्हणे. ते शेजारच्या गावात राहायचे आणि रोज टांग्याने शाळेत यायचे. तालुक्यातले बाकीचे मास्तर सायकलवरून लुनावर आले, लुनावरून स्कूटरवर गेले, पण गुरुजींनी टांगा काही सोडला नाही. कुणी चिडवलं की म्हणायचे, "लुनाले रस्ता दाखवा लागते. गंगीले नाई लागत." आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला फार पुढे कळलं.

त्यांची बायको वडनेरला माहेरी गेली होती ती परत आलीच नव्हती. गावात सांगत, की जेवताना काही चुकलं तर गुरुजी तोंडाने बोलत नसत, उठून चुलीमागच्या भिंतीवर खडूने शेरा लिहीत. "वरण पातळ. सुधारणा हवी." ती बिचारी अडाणी होती. शेरा वाचून घ्यायला तिला शेजारणीला बोलवावं लागे. एक दिवस तिने भिंत सारवली, पिशवी घेतली आणि निघाली. खरं-खोटं देव जाणे. पण गुरुजींना शेरे लिहिल्याशिवाय राहवत नसे, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. न्हाव्याच्या दुकानात दाढी करून उठले की त्याच्या आरशावर खडूने गुण देऊन यायचे.

आता त्यांच्या त्या प्रसिद्ध पद्धतीबद्दल लिहायला हवं, कारण तुम्हा सगळ्यांना तेच हवं आहे.

त्या काळात आमच्या भागात मास्तरला बायको मास्तरीणच हवी असे. दोघं नोकरीत असले की एका शाळेवर किंवा शेजारच्या गावी बदली मागता येई, आणि एकाच खोलीत संसार होई. पण मास्तरणीला भेटायचं कुठे? गावात खोली करून राहणाऱ्या एकट्या बाईशी कुणी परका पुरुष रस्त्यात दोन शब्द बोलला तर पारावर लगेच त्याची चर्चा. घरी जाऊन पोहे खायचे तर बाईचं घर दूर, आणि तिथे ती मान खाली घालून बसणार. गुरुजींना तो प्रकारच मान्य नव्हता. म्हणायचे, "पोहे खाऊन मानूस कळते काय? त्याच्या हाती खडू द्या. अर्ध्या घंट्यात सारा खानदान फळ्यावर येते."

म्हणून त्यांनी नवीनच रीत पाडली. लग्नाच्या मास्तरने शनिवारच्या सकाळच्या शाळेत आमच्या शाळेवर यायचं. गुरुजी त्याला फाट्यावरून स्वतः टांग्यात घालून आणत. चार मैल त्याच्या हातात लगाम देत आणि आपण मागे बसत. घोडीला चाबूक मारला की तो मास्तर तिथेच अर्धा नापास. शाळेत आल्यावर त्याने चौथीला एक पाठ द्यायचा. जिच्यासाठी तो आला ती बाई मागे टाटपट्टीवर पोरांमध्ये बसणार, पाठनिरीक्षण म्हणून. केंद्रातल्या कोणत्याही शाळेची बाई असो, पाठ आमच्याच शाळेत व्हायचा. पाठ संपला की गुरुजी बाईला एकटीला विचारत, "काय बाई?" ती हो म्हणायची नाही तर नाही म्हणायची. मग गुरुजी त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत शेरा लिहीत. त्या वहीला सगळे शेरेबुक म्हणत. पाठ कसा झाला, माणूस कसा वाटला आणि शेवटी बाईचा होकार की नकार, एवढं त्यात असायचं. खाली बाईची सही. होकार असला की शेरेबुक टांग्यात बसून बाईच्या वडिलांकडे जायचं. नकार असला तर तेवढं पान फक्त त्या मास्तरला दाखवायचं आणि विषय तिथेच मिटवायचा. बाईच्या घरीसुद्धा कळवायचं नाही, म्हणजे कुणाचीच बदनामी नको. आणि नकाराचं पान पाहिल्यावर मास्तरने त्या बाईला पुन्हा विचारायचं नाही, हा नियम.

पद्धत चांगली होती. मी कडवट आहे, पण खोटारडी नाही. एक मास्तर पाण्याचे गुणधर्म शिकवायला आला आणि घाबरून त्याने तिन्ही पेले फोडले. पोरं खदखदून हसली, तोही हसला आणि खाली बसून काचा वेचू लागला. गुरुजींनी लिहिलं, "हात कापतो. मनुष्य चांगला." परवाच त्या जोडप्याने ग्रुपवर नातवाचा फोटो टाकला. दुसरा एक मास्तर होता, रुबाबदार, अक्षर मोत्यासारखं. पाठात एका पोराने जांभई दिली म्हणून त्याने पट्टी उचलली. गुरुजी उठले, त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि म्हणाले, "चाला, एसटीचा टाइम झाला." चहासुद्धा दिला नाही. अशा अकरा जोड्या त्यांनी लावल्या आणि त्यातली एकही मोडली नाही. त्या अकरा जोड्या आज फुलं आणि हात पाठवतात. त्यात चुकीचं काही नाही.

मी त्या अकरांत नाही.

मी रुजू होऊन दोन वर्षं झाली असतील. एक दिवस गुरुजी हजेरी घेत होते आणि जी मुलगी आठवडाभर मामाकडे गेली होती तिलाही त्यांनी हजर लावलं. पोरं ओरडली. गुरुजी म्हणाले, "माहीत हाये मले, तुमची परीक्षा घेऊन राह्यलो." त्या दिवशी मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते रजिस्टर नाकाला लावून वाचत होते. सुट्टी झाल्यावर त्यांनीच सांगितलं. वर्ध्याच्या डॉक्टरने पाहिलं होतं, डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या होत्या आणि त्याला इलाज नव्हता. लिहिता यायचं, हाताला सवय होती. लिहिलेलं वाचता यायचं नाही. रस्ता गंगीला पाठ होता, म्हणून टांगा.

"साहेबाले कळलं त घरी बसवतीन, बाई," ते म्हणाले. "मी घरी बसून काय करू? घरी कोन हाये?"

मला दया आली. चोवीस वर्षांच्या मुलीला दया यायला वेळ लागत नाही. तेव्हापासून मी त्यांचे डोळे झाले. वरून आलेली पत्रं वाचून दाखवायची, मासिक पत्रक भरायचं, दाखल-खारीज रजिस्टर लिहायचं. तपासणीला साहेब आले की मी गुरुजींच्या डाव्या हाताला उभी राहून हळूच सांगायची, "तिसरी ओळ, पट अडतीस." साहेबांना वाटायचं बाई फार तत्पर आहे. गावाला कधीच कळलं नाही. लोक म्हणत, गुरुजी विक्षिप्त आहेत. विक्षिप्तपणाच्या आड आंधळेपण किती छान लपतं, हे मी तिथे शिकले.

आता मनोहर मास्तर. ते नाल्यापलीकडे चार मैलांवरच्या शाळेवर होते. आमच्या दोन शाळांत मिळून एकच पृथ्वीगोल होता. एक महिना तो त्यांच्याकडे राहायचा आणि एक महिना आमच्याकडे, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून. ने-आण गुरुजींच्या टांग्यातूनच व्हायची. एकदा खोक्यात चिठ्ठी निघाली. "आस सैल झाला होता. घट्ट केला आहे. जोराने फिरवू नये." मी पुढच्या महिन्याला खोक्यात चिठ्ठी ठेवली, "मुलं ऐकत नाहीत, जोराने फिरवतात." त्यांचं उत्तर आलं, "मग मुलांना दोष नाही. मीही फिरवतो." दीड वर्ष आमचं एवढंच चाललं. महिन्याला एक ओळ. केंद्रशाळेच्या संमेलनात भेटलो की नमस्कार व्हायचा आणि दोघंही भिंतीवरच्या तक्त्यांकडे पाहायचो. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. तेव्हा हा शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नव्हता, आता अडुसष्टाव्या वर्षी लिहायला कुणाची भीती?

त्यांनी रीतसर गुरुजींना विचारलं. गुरुजींनी शनिवार ठरवला.

मनोहर मास्तरांनी दिवस आणि रात्र हा पाठ घेतला. पृथ्वीगोल मांडला, कंदील पेटवला आणि खिडक्या लावल्या. अंधारात गुरुजी खुर्चीवर चुळबुळत होते. "खिडक्या काऊन लावल्या?" त्यांनी दोनदा विचारलं. एका पोरीने विचारलं, "मास्तर, आपलं गाव कोठी हाये?" मनोहर मास्तरांनी खडूचा बारीक ठिपका दिला. "हे तुमचं गाव." मग त्याच ठिपक्यावर अजून एक दिला. "आन् हे माह्यं." पोरगी म्हणाली, "एकाच जागी?" ते म्हणाले, "इतक्या मोठ्या पृथ्वीवर चार मैल कोठी दिसते?" मी टाटपट्टीवर खाली मान घालून बसले होते आणि माझे कान तापले होते.

पाठ संपला, खिडक्या उघडल्या. मनोहर मास्तर बाहेर गंगीला पाणी दाखवायला गेले. गुरुजी खिडकीशी आले आणि मला विचारलं, "काय बाई?" तोंडाने बोलायची मला लाज वाटली. मी मान हलवली, होकाराची, चांगली दोन वेळा. गुरुजी "बरं" म्हणाले.

सोमवारी मी दुसरीला बेरजा देत होते. गुरुजी शेरेबुक घेऊन दारात उभे राहिले. पान उघडलेलं, वर हात धरलेला आणि खाली सहीपुरती जागा. "बाई, सही करा."

शिक्षक असाल तर पुढचं तुम्हाला सांगायला नको. आपण आयुष्यभर हेच करतो. वर्ग चालू असतो, सूचना वही दारात येते, एका हातात खडू असतो आणि दुसऱ्या हाताने आपण सही करून मोकळे होतो. किती सूचनांखाली मी न वाचता सह्या केल्या असतील. त्यात ही तर माझ्याच लग्नाची गोष्ट. वडीलमाणसासमोर तो शेरा वाचत उभं राहायचं म्हणजे उतावीळपणाच दिसला असता. मी सही केली. बोटांवरचा खडू पानाला लागला. गुरुजी म्हणाले, "बेरजा पाहा पोराईच्या, हातचा धरून नाई राह्यले." आणि गेले.

ज्या माणसाचा प्रत्येक कागद मी वाचून देत होते, त्याच्या हातचं तेवढं एक पान मी वाचलं नाही.

आठ दिवसांनी गुरुजी म्हणाले, "बाई, तिकून नाई आलं." मी विचारलं नाही, काय म्हणून. विचारायचं नसतं. महिनाअखेरीला पृथ्वीगोल आला. खोक्यात चिठ्ठी नव्हती. आस सैल झालेला होता. पोरांनी फिरवला तेव्हा पृथ्वी दांडीवरून सुटून टाटपट्टीवर घरंगळली आणि सगळा वर्ग हसला. वर्षअखेरीला मनोहर मास्तरांनी हिंगणघाटकडे बदली मागून घेतली. दिवाळीनंतर त्यांच्या लग्नाची पत्रिका शाळेच्या पत्त्यावर आली, आणि ती गुरुजींना मीच वाचून दाखवली. ते म्हणाले, "बरं झालं. सोयरीक चांगली दिसते."

त्यानंतर माझ्यासाठी टांग्यातून कुणी आलं नाही. बाबांनी आर्वीकडून दोनचार स्थळं आणली, मी नाही म्हटलं. पुढे बाबाही थकले. गुरुजींनी शनिवारचे पाठच बंद केले. विचारलं तर म्हणायचे, "आजकालच्या पोट्ट्याईले पाठ घेता येत नाई." मी तशीच राहिले आणि आठ वर्षं गुरुजींच्या डाव्या हाताला उभी राहून ओळी सांगत राहिले.

ते अठ्ठावन्न पूर्ण करून सन्मानाने निवृत्त झाले. गावाने शाल दिली, श्रीफळ दिलं, गंगीच्याही कपाळाला कुंकू लावलं. एकाने भाषणात सांगितलं, की गुरुजींची नजर इतकी तेज, की वर्गात पाय ठेवताच कोण गृहपाठ न करता आला ते त्यांना कळतं. मी टाळ्या वाजवल्या.

चार्ज माझ्याकडे आला. पुढच्या आठवड्यात मी पत्र्याची पेटी आवरायला काढली तर तळाशी लाल शेरेबुक. ती वही सरकारी नव्हती, चार्जाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. सहज चाळत गेले आणि माझ्या पानावर थांबले. गुरुजींचं मोठं, तिरपं अक्षर.

"पाठ ठीक. उमेदवाराचा स्वभाव भाबडा. बाईंनी पूर्ण विचार करून नकार दिला आहे."

खाली माझी सही. शेजारी खडूचं बोट.

म्हणजे तिकडून नाही आलंच नव्हतं. इथूनच गेलं होतं, माझ्या सहीनं. मनोहर मास्तरांनी ते पान पाहिलं आणि नियमाप्रमाणे मान खाली घालून गेले.

जाब विचारायला जायला हवं होतं. मी गेले नाही. कुणाला सांगणार, की चौथीच्या पोरांना सही करण्याआधी वाचायला शिकवणाऱ्या बाईने न वाचता सही केली? आणि दुसरं म्हणजे मी स्वतःची एक समजूत घालून घेतली. मी तोंडाने बोललेच नव्हते, मान हलवली होती. गुरुजींना दिसत नव्हतं. त्यांना मान दिसली नसेल, मी गप्प आहे असं वाटलं असेल, आणि गप्प बाई म्हणजे नकार असं धरून त्यांनी लिहिलं असेल. चूक त्यांच्या डोळ्यांची. या समजुतीवर मी तीस वर्षांहून जास्त काढली. मनोहर मास्तर संमेलनात, लग्नाकार्यात भेटत राहिले. "नमस्कार बाई" म्हणायचे आणि लगेच दुसरीकडे पाहायचे. त्यांच्या बायकोने एकदा मला आग्रह करून दुसऱ्यांदा चहा पाजला. बाई चांगली आहे. मी काही बोलले नाही. मी बोलले असते तर गुरुजींच्या डोळ्यांची गोष्ट बाहेर आली असती. बघा, तेव्हाही मी त्यांचेच डोळे सांभाळत होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भाचीचा वर्ध्याहून फोन आला. गुरुजी तिच्याकडेच राहत होते. "बाई, मामाजी तुमची लय आठवन काढून राह्यले. थे लाल बुक तुमच्यापाशी असन म्हनते. एकडाव वाचून दाखवा म्हनते."

आर्वीहून सकाळच्या एसटीने गेले. स्टँडवरून ऑटो केली. गुरुजी दिवाणावर पाय वर घेऊन बसले होते. नव्वदीचे, अगदी लहान झालेले, डोळे उघडे पण कुठेच न लागलेले. घरातही अंगात तो काळा कोट. माझा हात हातात घेऊन त्यांनी नाकाशी नेला.

"खडूचा वास नाई येत आता."

"रिटायर झाली ना गुरुजी. आठ वर्सं झाली."

"बुक आनलं?"

"आनलं."

"वाचा. पयल्यापासून."

मी वाचायला लागले. "हात कापतो. मनुष्य चांगला." गुरुजी खुदकन हसले. प्रत्येक शेऱ्यावर ते त्या माणसाचं नाव सांगत, गाव सांगत, कोणता पाठ घेतला ते सांगत. एक अक्षर विसरले नव्हते. आत भाची कुकर लावत होती. तासाभरात अकरा जोड्या झाल्या आणि माझं पान आलं.

मी पानावरचं वाचलं नाही. मी वाचलं, "पाठ उत्तम. उमेदवार मनमिळाऊ. बाईंचा होकार आहे."

गुरुजी थांबले. "असं नाई लिवलं तथी."

"तुमाले काय माहीत? तुमाले त तवाही वाचता येत नव्हतं."

"वाचता येत नव्हतं. लिवलं त म्याच." आणि त्यांनी ती तिन्ही वाक्यं शब्दाला शब्द म्हणून दाखवली. भाबडा हा शब्दसुद्धा.

मी वही मिटली. तरी मीच त्यांना वाट काढून दिली. आठ वर्षं दिली होती, अजून एकदा. म्हटलं, "गुरुजी, मी मान हालवली होती. तुमाले दिसली नसन."

खोटं बोलायला किती सोपं होतं. नाई दिसली, एवढे दोन शब्द. मी उरलेलं आयुष्य त्यावर काढलं असतं.

"दिसली होती," गुरुजी म्हणाले. "तुमी खिडकीपाशी होत्या. उजेड होता. तेवढं दिसे मले तवा."

"मंग काऊन?"

ते कोटाच्या खिशात हात घालून चाचपत राहिले. खिशात आता खडूही नव्हता आणि गूळही नव्हता. "तुमी गेल्या असत्या त मले कोन वाचून देल्लं असतं, बाई? आठ वर्सं बाकी होती." मग हेडमास्तरच्या आवाजात म्हणाले, "आन् सही त तुमची हाये ना खाली?"

"हाये."

"मंग."

एवढंच. माफी नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला राग आला, आणि तो इतका आला की त्या म्हाताऱ्याचा कोट धरून गदागदा हलवावा असं वाटलं. मी शेरेबुक पिशवीत घातलं.

"पुढचं वाचा," गुरुजी म्हणाले.

"पुढं कोरं हाये."

"मंग पयल्यापासून वाचा."

मी उठले. भाची पोळ्या लाटायचं सोडून बाहेर आली, जेवून जा म्हणाली. मी एसटीचा टाइम झाला म्हटलं. दारात चपला घालताना मागून आवाज आला, "बाई, उद्या येजा." मी गेले नाही. उद्या नाही आणि त्यानंतरही नाही. मागच्या महिन्यात ग्रुपवर बातमी आली तेव्हा सगळ्यांच्या आधी मनोहर मास्तरांनी लिहिलं, "गुरुजींसारखा पारखी माणूस पुन्हा होणे नाही." पुढे जोडलेले दोन हात.

मनोहर मास्तर, पुस्तिका निघाली तर तुमच्याही घरी येईल. तुम्हाला आता नातवंडं आहेत, मला त्यातलं काही नको आहे. शेरेबुक माझ्या कपाटात आहे आणि त्यातलं तुमचं पान खोटं आहे, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं. पाठ उत्तम झाला होता.

वरची सगळी पानं मीच लिहिली आहेत. चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचली आहेत. आता खाली सही करते.